मधल्या फळीतला फोए

इंग्लंडमधला मँचेस्टर सिटी हा क्लब १९२३ ते २००३ अशी ऐंशी वर्षं मेन रोड नावाच्या मैदानावर खेळला. तिथे सिटीकडून शेवटचा गोल झाला तो २१ एप्रिल २००३ रोजी, संडरलँडविरुद्ध. त्यानंतर सिटीने तिथे आणखी दोन सामने खेळले आणि दोन्ही ०-१ असे गमावले, त्यामुळे शेवटच्या गोलाचा मान कायमचा त्या एका खेळाडूकडे राहिला. तो क्लबचा जुना मोहरा नव्हता आणि नावाजलेला आघाडीपटूही नव्हता. फ्रान्सच्या लिऑन क्लबकडून एका हंगामापुरता उसना आणलेला कॅमेरूनचा मध्यरक्षक होता तो. नाव मार्क-विवियन फोए. त्या दिवशी सिटीने तीन गोल केले, त्यातले दोन त्याचे. जेमतेम दोन महिन्यांनी तो गेला, वयाच्या २८ व्या वर्षी.

आज त्याचं नाव इंटरनेटवर टाकलं की आधी समोर येते ती त्याच्या मरणाची चित्रफीत. मोकळ्या मैदानात एकटाच चाललेला उंचापुरा माणूस, आणि मग तो खाली. त्या काही सेकंदांनी त्याची दहा वर्षांची कारकीर्द झाकून टाकली आहे. म्हणून आधी त्याच्या खेळाबद्दल.

मधल्या फळीत ढोबळमानाने दोन जातींचे गडी असतात. काही जण चाल रचतात. त्यांच्या पासवर टाळ्या पडतात आणि दहा नंबरची जर्सी बहुधा त्यांच्या अंगावर असते. दुसरे असतात कष्टकरी. समोरच्याच्या पायातून चेंडू काढायचा, जवळच्या भिडूकडे सरकवायचा, बचावपटू पुढे गेला असेल तर त्याची रिकामी जागा भरायची आणि कुणी आभार मानायच्या आत पुढच्या कामाला लागायचं. एका सामन्यात मध्यरक्षक साधारण दहा ते बारा किलोमीटर धावतो. त्यातलं बरंचसं धावणं चेंडूशिवायचं असतं, त्यामुळे टीव्हीवर ते दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापूनही येत नाही. फोए या दुसऱ्या जातीचा. सहा फुटांहून उंच, हवेतला चेंडू सहसा न सोडणारा आणि संधी मिळताच पुढे मुसंडी मारून गोलही करणारा.

त्याचा जन्म १ मे १९७५ चा, कॅमेरूनची राजधानी याउंदे इथला. तिथल्याच कॅनॉन याउंदे या मातब्बर क्लबकडून खेळताना १९९३ मध्ये त्याने कॅमेरूनचा चषक जिंकला. त्याच वर्षी तो ऑस्ट्रेलियातल्या युवा विश्वचषकात खेळला आणि लगोलग मोठ्यांच्या राष्ट्रीय संघातही आला. पुढच्या वर्षी, वयाच्या १९ व्या वर्षी, अमेरिकेतल्या विश्वचषकात तो तिन्ही सामने खेळला. कॅमेरूनसाठी ती स्पर्धा फार वाईट गेली. मानधनावरून संघात धुसफूस होती. स्वीडनशी बरोबरी, ब्राझीलकडून ०-३ असा पराभव आणि शेवटी रशियाकडून १-६ असा धुव्वा. त्या शेवटच्या सामन्यात रशियाच्या ओलेग सालेंकोने एकट्याने पाच गोल केले आणि कॅमेरूनचा एकमेव गोल केला ४२ वर्षांच्या रॉजे मिलाने. संघ कोसळत असताना एक पोरगा मधल्या फळीत पाय रोवून उभा होता, हे मात्र युरोपातल्या क्लबांच्या नजरेतून सुटलं नाही.

त्याला उचललं उत्तर फ्रान्समधल्या लांस या क्लबने. लांस म्हणजे कोळशाच्या खाणींचं गाव. खाणी बंद पडल्या, पण क्लबवरची माया तशीच राहिली. अशा गावात गाजावाजा न करता राबणारा खेळाडू लोकांना आपला वाटला, यात नवल नाही. फोए तिथे पाच हंगाम होता. १९९७-९८ मध्ये लांसने फ्रान्सची लीग जिंकली, तीही अगदी काठावर. लांस आणि मेत्स या दोघांचे गुण सारखेच, ६८. फक्त गोलफरकावर अजिंक्यपद लांसकडे आलं. क्लबच्या इतिहासातलं ते पहिलं अजिंक्यपद आणि आजवरचं एकमेव.

त्याच उन्हाळ्यात त्याच्या कारकिर्दीला मोठं वळण मिळता मिळता राहिलं. ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या मँचेस्टर युनायटेडला तो हवा होता. युनायटेडने सुमारे ३० लाख पौंड देऊ केले, लांसला ते कमी वाटले. बोलणी अडली असतानाच विश्वचषकाच्या सराव शिबिरात फोएचा पाय मोडला. विश्वचषक हुकला आणि युनायटेडही. पुढच्याच हंगामात, १९९९ मध्ये, युनायटेडने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग ही तिन्ही विजेतेपदं एकदम जिंकली. तो तिथे असता तर काय झालं असतं, याचे इमले बांधण्यात अर्थ नाही. पण पाय मोडल्यावर सात-आठ महिन्यांत लंडनच्या वेस्ट हॅमने त्याच्यासाठी ४२ लाख पौंड मोजले, ही त्या क्लबची तोवरची सर्वाधिक रक्कम होती. बाजारात त्याची पत केवढी होती ते यातून कळतं. वेस्ट हॅमकडून तो लीगचे ३८ सामने खेळला. मला विचाराल तर तो काळ बरा होता, त्याहून जास्त काही नाही.

२००० मध्ये तो फ्रान्सला परतला, लिऑनकडे. सुरुवातीचे काही महिने मलेरियाने खाल्ले. त्यातून उठून २००१ मध्ये तो फ्रान्सचा लीग कप जिंकलेल्या संघात होता. मग आला मे २००२. लीगचा शेवटचा दिवस, लिऑनचं जेरलाँ स्टेडियम, आणि समोर फोएचाच जुना क्लब लांस, तोही एका गुणाने पुढे. लिऑनने ३-१ असा सामना मारला आणि क्लबच्या इतिहासातलं पहिलं लीग अजिंक्यपद मिळवलं. पुढे लिऑनने सलग सात वेळा लीग जिंकली, त्या मालिकेची ही सुरुवात. म्हणजे फ्रान्समधल्या दोन क्लबांच्या पहिल्यावहिल्या अजिंक्यपदांत फोएचा हात आहे, आणि दुसऱ्या अजिंक्यपदासाठी पहिल्या क्लबच्या तोंडचा घास काढून घ्यावा लागला. जेरलाँ हे नाव लक्षात ठेवा.

देशाकडूनही तो काळ सोन्याचा होता. २००० मध्ये कॅमेरूनने आफ्रिकी राष्ट्रांचा चषक जिंकला. अंतिम सामना लागोसमध्ये, यजमान नायजेरियाविरुद्ध, तुडुंब भरलेल्या मैदानात २-२ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर. दोन वर्षांनी मालीत सेनेगलला हरवून चषक राखला, तोही पेनल्टींवरच. त्या स्पर्धेत कॅमेरूनचा संघ बिनबाह्यांच्या जर्सीत उतरला होता. फिफाला ते रुचलं नाही, म्हणून त्याच वर्षीच्या विश्वचषकात जर्सीला काळ्या बाह्या जोडाव्या लागल्या. संघाचा चेहरा होता कोवळा सॅम्युअल एटो आणि आवाज होता कर्णधार रिगोबेर साँग. फोए या दोघांच्या मधला, दोघांनाही लागणारा.

२००२-०३ च्या हंगामात केविन कीगन यांनी त्याला उसनवारीवर मँचेस्टर सिटीत आणलं. हा त्याचा सर्वांत फळलेला हंगाम: लीगचे ३५ सामने, ९ गोल. गोल अडवण्याची जबाबदारी ज्याच्या अंगावर, त्याच्याकडून नऊ गोल म्हणजे बोनसच.

त्या जूनमध्ये फ्रान्समध्ये कॉन्फेडरेशन्स कप झाला. खंडोखंडीचे विजेते आणि विश्वविजेते यांची ही छोटेखानी स्पर्धा आता बंद झाली आहे. कॅमेरूनने विश्वविजेत्या ब्राझीलला १-० असं हरवलं, तुर्कस्तानलाही हरवलं. अमेरिकेविरुद्ध फोएला विश्रांती मिळाली. २६ जूनला उपांत्य सामना कोलंबियाशी होता, जेरलाँवर. त्याच्या घरच्याच मैदानावर म्हणायचं. फ्रान्समध्ये तेव्हा कडक उन्हाळा होता. आधीच्या दिवसांत त्याचं पोट बिघडलं होतं, असं नंतर त्याच्या पत्नीने सांगितलं. प्रशिक्षक विन्फ्रीड शेफर त्याला बाहेर काढायच्या विचारात होते, पण त्यालाच खेळायचं होतं, असंही वृत्तांतांत आलं. नवव्या मिनिटालाच पियुस एनडिएफीच्या गोलाने कॅमेरून पुढे गेलं होतं.

बहात्तराव्या मिनिटाला चेंडू दुसरीकडे होता. फोए मधल्या वर्तुळात होता. धक्का नाही, टक्कर नाही, जवळ कुणी नाही. चालता चालता तो कोसळला. पडताना माणूस हात पुढे करतो, स्वतःला सावरतो. त्याच्या पडण्यात ते काहीच नव्हतं. फुटबॉलमधलं पडणं आपण इतकं पाहिलेलं असतं, त्यातलं निम्मं नाटकी असतं, की आसपासच्या खेळाडूंना काही वेगळं घडलंय हे कळायला काही क्षण गेले. मग कोलंबियाचे खेळाडूही हात करून डॉक्टरांना बोलावू लागले. त्याला उताणं केलं, तोंड उघडून श्वासाची वाट मोकळी करायचा प्रयत्न झाला, स्ट्रेचर आलं, त्याला बाहेर नेलं. त्याचं हृदय पुन्हा सुरू करण्यासाठी डॉक्टर सुमारे ४५ मिनिटं झटले. स्टेडियममधल्याच वैद्यकीय कक्षात त्याला मृत घोषित केलं गेलं. सामना तोवर पूर्ण झाला होता आणि कॅमेरून जिंकलंही होतं.

त्याच रात्री पॅरिसमध्ये फ्रान्स दुसरा उपांत्य सामना खेळला. गोल केल्यावर थिएरी ऑन्रीने आकाशाकडे बोट दाखवलं. तीन दिवसांनी अंतिम सामना झाला. कॅमेरूनच्या खेळाडूंनी फोएचं मोठं छायाचित्र मैदानात आणलं. जादा वेळेतल्या ऑन्रीच्या गोलावर फ्रान्स १-० असा जिंकला. फ्रान्सचा कर्णधार मार्सेल देसाई याने तो चषक एकट्याने उचलला नाही, साँगला सोबत घेऊन उचलला. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंत फोएला मरणोत्तर तिसरं स्थान मिळालं. तीन दिवसांत अंतिम सामना खेळवायला नको होता, असं माझं मत आहे. पण खेळायचं हे कॅमेरूनच्या खेळाडूंनीच ठरवलं होतं, त्यापुढे बाहेरच्या माणसाने काय बोलावं?

पहिल्या शवविच्छेदनात कारण सापडलं नाही. दुसऱ्यात सापडलं: हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. हृदयाच्या स्नायूची भिंत, विशेषतः डाव्या कप्प्याची, जाड होत जाण्याचा हा आजार. निरोगी माणसात ही भिंत साधारण १२ मिलिमीटरपर्यंत असते. दुसरं काही कारण नसताना ती १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड झाली की डॉक्टर या आजाराचं निदान करतात. आजार बहुतेकदा आनुवंशिक असतो. आई किंवा वडील यांपैकी एकात सदोष जनुक असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. आणि तो दुर्मीळही नाही. दर ५०० माणसांमागे साधारण एकाला असतो. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

घात करते ती नुसती जाडी नाही. या हृदयात स्नायूंचे तंतू शिस्तीत एका दिशेने नसतात, एकमेकांत गुंतलेले असतात आणि मधेमधे व्रणासारखी जाळी तयार होते. हृदयाचा ठोका हा मुळात विजेचा संदेश. तो या गुंत्यातून जाताना अडतो, फिरून मागे येतो. जोराचा व्यायाम, अंगातलं पाणी कमी होणं, ताप अशा गोष्टी त्यात भर घालू शकतात. मग अचानक हृदयाच्या खालच्या कप्प्यांचा ताल सुटतो. लेझीम पथकात प्रत्येकाने आपापला ठेका धरावा, तसा प्रत्येक तंतू स्वतःपुरता थरथरतो, पण सगळे मिळून रक्त पुढे ढकलत नाहीत. मेंदूला रक्त मिळणं थांबतं आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. आपल्याकडे याला सरसकट ‘हार्ट अटॅक’ म्हणून मोकळं होतात. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते आणि बऱ्याचदा माणूस छातीत दुखतंय हे सांगू शकतो. इथे सांगायला सवडच मिळत नाही.

मग आधी तपासून का कळत नाही? ईसीजी आणि टू-डी इको केलं की बऱ्याच जणांत कळतं. पण एक अडचण आहे, आणि ती नेमकी फोएसारख्यांच्या बाबतीत जास्त. वर्षानुवर्षं कसून व्यायाम करणाऱ्या खेळाडूचं हृदयही थोडं जाड होतं. ते आजाराचं नसतं, मेहनतीचं असतं. १३ ते १५ मिलिमीटरच्या पट्ट्यात आजारी हृदय आणि कसलेलं हृदय यांत फरक करणं तज्ज्ञांनाही जड जातं. आफ्रिकी वंशाच्या खेळाडूंत मेहनतीने येणारी जाडी इतरांपेक्षा अधिक असते आणि निरोगी असतानाही त्यांच्या ईसीजीत वेगळे चढउतार दिसतात. त्यामुळे एक चूक झाली तर आजारी माणूस मैदानात जातो आणि दुसरी झाली तर धडधाकट पोराची पोटापाण्याची वाट बंद होते.

इटलीने १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह वैद्यकीय तपासणी सक्तीची केली. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत तिथल्या व्हेनेतो प्रांतात खेळाडूंचे हृदयविकाराने होणारे आकस्मिक मृत्यू ८९ टक्क्यांनी घटले. फिफाने २००६ च्या विश्वचषकापासून सर्व खेळाडूंची पूर्वतपासणी सुरू केली. पण तपासणी म्हणजे हमी नव्हे. इंग्लंडमध्ये वीस वर्षांत ११,१६८ किशोरवयीन फुटबॉलपटूंची हृदयतपासणी झाली. ४२ जणांत जिवावर बेतू शकणारा दोष सापडला, ही जमेची बाजू. मात्र पुढे हृदयविकाराने जे आठ जण अचानक दगावले, त्यांतल्या सहा जणांची तपासणी नीट निघाली होती. खुद्द इटलीत २०१२ मध्ये लिव्होर्नोचा २५ वर्षांचा मध्यरक्षक पियेरमारिओ मोरोसिनी सामन्यात कोसळून गेला.

म्हणजे निस्तरायचं ते मैदानातच. छातीवर दाब आणि डिफिब्रिलेटर हे दोनच उपाय तिथे चालतात. हा यंत्राचा डबा हृदयाला विजेचा झटका देऊन बिघडलेला ताल थांबवतो, म्हणजे मूळचा ताल पुन्हा लागू शकतो. काहीच उपचार न होता जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. मार्च २०१२ मध्ये लंडनमध्ये बोल्टनचा मध्यरक्षक फॅब्रिस मुआम्बा सामन्यात कोसळला. प्रेक्षकांत बसलेले एक हृदयतज्ज्ञ कठडा ओलांडून धावले. मुआम्बाचं हृदय ७८ मिनिटं बंद होतं, पण त्या सगळ्या वेळात त्याच्या छातीवरचा दाब कुणी थांबवला नाही. त्याला पंधरा झटके द्यावे लागले आणि तो जगला. २०२१ मध्ये कोपनहेगनला डेन्मार्कचा मध्यरक्षक क्रिस्तियन एरिक्सन कोसळला. कर्णधार सिमोन केअर धावला, डॉक्टर लगेच आले, छातीवर दाब सुरू झाला, एका झटक्यात हृदय चालू झालं. स्ट्रेचरवरून बाहेर जाताना तो शुद्धीत होता. छातीत छोटं डिफिब्रिलेटर बसवून पुढच्या फेब्रुवारीत तो इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळला आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत त्याने गोलही केला.

फोए, मुआम्बा, एरिक्सन. तिघेही मध्यरक्षक, तिघेही सामन्यात, टक्कर न होता कोसळलेले. तिघांची हृदयं सारखी नव्हती, त्यामुळे मुआम्बाला लाभलेल्या उपचाराने फोए वाचलाच असता असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण २००३ मध्ये मैदानावर जी घाई दिसायला हवी होती ती दिसली नाही, हे चित्रफितीत उघड आहे. २०१३ मध्ये फिफाने जगभरच्या फुटबॉल संघटनांना डिफिब्रिलेटरसह आणीबाणीच्या बॅगा वाटल्या. त्यामागे फोएचं मरण होतं. तो देशासाठी खेळता खेळता धारातीर्थी पडला, असं म्हणायला सोपं जातं, ऐकायलाही बरं वाटतं. मला ते मान्य नाही. ते वीरमरण नव्हतं, कामाच्या जागी झालेला मृत्यू होता. कारखान्यात असं झालं असतं तर आपण आधी सुरक्षेच्या सोयींबद्दल विचारलं असतं.

कॅमेरूनने त्याला सरकारी इतमामात निरोप दिला. याउंदेजवळ तो स्वतःच्या पैशांतून फुटबॉल अकादमी उभारत होता, तिच्याच आवारात त्याचं दफन झालं. मँचेस्टर सिटीने २३ क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. लांसमध्ये स्टेडियमजवळच्या रस्त्याला त्याचं नाव आहे, आणि फ्रान्सच्या लीगमधल्या सर्वोत्तम आफ्रिकी खेळाडूला दरवर्षी त्याच्या नावाचा पुरस्कार मिळतो.

आपल्याला हे परकं नाही. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन कपचा अंतिम सामना गोव्याचा डेम्पो आणि कोलकात्याचा मोहन बागान यांच्यात झाला. डेम्पोचा २५ वर्षांचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने सामन्यातला दुसरा गोल केला, त्या धावपळीत गोलरक्षकाशी टक्कर झाली आणि तो तिथेच कोसळला. डेम्पो २-० असा जिंकला, दोन्ही गोल त्याचेच. क्रिस्तियानो मात्र परतला नाही. मैदानावरच्या वैद्यकीय सोयींवर तेव्हा बरीच टीका झाली, आणि डेम्पोने त्याची १० क्रमांकाची जर्सी निवृत्त केली.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमपासून गोव्याच्या गावागावांतल्या मैदानांपर्यंत आपल्याकडे फुटबॉल जोरात आहे आणि शहरांत भाड्याच्या टर्फवर रात्री उशिरापर्यंत पोरं खेळतात. खेळताना एखादा जण टक्कर न होता पडला, हाक मारून उठेना आणि श्वास नीट दिसेना, तर वारा घालत, पाणी मारत बसू नका. एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायला सुरुवात करावी आणि मदत येईपर्यंत थांबू नये. डिफिब्रिलेटर हाताशी असेल तर तो उघडा, काय करायचं ते यंत्र स्वतःच बोलून सांगतं. पुढच्या स्पर्धेची वर्गणी द्याल किंवा टर्फ बुक कराल, तेव्हा आयोजकांना एवढं नक्की विचारा: तो डबा कुठे ठेवलाय, आणि तो वापरायला कोण शिकलंय?